व्हॉइस बदलताना मराठी कुठे आड येते?

पालकहो आणि विद्यार्थ्यांनो,

आमच्या शिकवणीला येणाऱ्या बऱ्याच मुलांना इंग्रजी व्याकरणातल्या ॲक्टिव्ह-पॅसिव्ह व्हॉइसचा तक्ता तोंडपाठ असतो. तरीही वाक्य समोर आलं की गडबडतात. याचं एक कारण आपल्या मराठीतच आहे.

‘मुलीने आंबा खाल्ला’, ‘मुलीने पोळी खाल्ली’. हा कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद आंबा-पोळीप्रमाणे बदललं. ‘कर्मणी म्हणजे पॅसिव्ह’ एवढंच डोक्यात बसलेलं असतं, मग ‘ने’ दिसला की मुलं ‘बाय’ लावून मोकळी होतात. पण ‘द गर्ल एट अ मँगो’ हे इंग्रजीत ॲक्टिव्हच आहे. इंग्रजीत पाहायचं ते एवढंच, की क्रियापदाआधी कर्त्याच्या जागी कोण बसलंय: खाणारी मुलगी की खाल्ला गेलेला आंबा? आंबा तिथे आणला की ‘अ मँगो वॉज ईटन बाय द गर्ल’. मराठीत याच्या जवळचं वाक्य ‘मुलीकडून आंबा खाल्ला गेला’.

तक्ता बाजूला ठेवा, आधी क्रियापद पकडा. ‘एट’ भूतकाळी, म्हणून ‘टू बी’चं भूतकाळी रूप. आंबा एकच, म्हणून ‘वॉज’. आंबे असते तर ‘वर’. पुढे तिसरं रूप, ‘ईटन’. क्रिया चालू असेल तर ‘इज बीइंग ईटन’, पूर्ण झाली असेल तर ‘हॅज बीन ईटन’. मूळ काळाला धक्का लावायचा नाही. वह्या तपासताना आम्हाला ‘वॉज रोट’ फार वेळा दिसतं. तिथे ‘वॉज रिटन’च हवं. ‘स्लीप’, ‘अराइव्ह’ यांना कर्मच नसतं, त्यामुळे त्यांचा व्हॉइस बदलत नाही.

‘बाय’ दर वेळी लागतो असंही नाही. ‘माझी सायकल चोरीला गेली’ यात चोर कोण ते ठाऊकच नाही, म्हणून ‘माय सायकल वॉज स्टोलन’ म्हणून थांबायचं. आणि ‘मी पुण्यात जन्मलो’ हे ‘आय बॉर्न इन पुणे’ होत नाही, ‘आय वॉज बॉर्न इन पुणे’ होतं. मराठीत जन्मणारा कर्ता असतो, इंग्रजीत तेच वाक्य पॅसिव्ह रूपात येतं. हा फरक मुलांना एकदा दाखवला की त्यांचे डोळे चमकतात, आणि आम्हाला शिकवण्यातला तोच क्षण सगळ्यात आवडतो.

पहिल्या तासाला येताना शाळेची तपासलेली उत्तरपत्रिका सोबत आणा. लाल शाईच्या खुणांपासूनच सुरुवात करू.