झ्लिनचा मोची: बाटा कंपनीची पार्श्वभूमी

जून उजाडला की शाळेचे काळे बूट घ्यायला आपल्याकडे आजही कित्येकांची पावलं बाटाच्या दुकानाकडे वळतात. ९९ रुपये ९५ पैसे अशा थाटाच्या किमतींवरचे विनोदही जुनेच. त्यामुळे ही कंपनी इथलीच, असं अनेकजण अगदी मनापासून धरून चालतात. तिचं मूळ मात्र आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या झ्लिन गावी, पिढ्यान् पिढ्या जोडे शिवणाऱ्या एका घरात आहे.

तोमाश बाटाचा जन्म या घरात ३ एप्रिल १८७६ रोजी झाला. झ्लिन ज्या प्रांतात आहे तो मोराव्हिया तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होता. १८९४ मध्ये थोरला भाऊ अंतोनिन आणि बहीण आन्ना यांच्यासोबत त्याने स्वतंत्र धंदा काढला. भांडवल होतं आईकडून वाट्याला आलेल्या पैशांचं. वर्षभरातच डोक्यावर कर्ज झालं. चामडं विकत घेण्याची ऐपत उरली नाही, तेव्हा भावंडांनी जाड कापडाचे बूट शिवायला घेतले. हलके आणि स्वस्त असल्यामुळे ते खपले, देणी फिटली आणि धंद्याला दिशा मिळाली. पुढची सगळी वाटचाल मला या नाइलाजातून निघालेली वाटते. गरिबाला परवडेल असा जोडा केला तर गिऱ्हाईक संपत नाही, हे तोमाशला इथे कळलं.

१९०४ मध्ये तो अमेरिकेत गेला. मॅसॅच्युसेट्समधलं लिन हे गाव त्या काळी बुटांच्या कारखान्यांसाठी नावाजलेलं होतं. मालक असूनही तिथे त्याने साध्या कामगारासारखं यंत्रावर काम केलं. १९०८ मध्ये अंतोनिन वारला आणि सगळा कारभार तोमाशकडे आला. पहिल्या महायुद्धात सैन्याच्या बुटांच्या मागणीने कारखाना अफाट वाढला.

खरी परीक्षा युद्धानंतर होती. नव्या चेकोस्लोव्हाकियात मंदी आली, गोदामं मालाने भरली आणि लोकांच्या हाती पैसा नव्हता. १ सप्टेंबर १९२२ पासून तोमाशने बुटांच्या किमती थेट निम्म्यावर आणल्या. त्यासाठी कामगारांची मजुरी सुमारे ४० टक्क्यांनी कापली, पण त्यांना अन्नधान्य आणि कपडे निम्म्या भावात पुरवले. इतर कारखानदारांनी त्याला वेड्यात काढलं. दुकानांपुढे मात्र रांगा लागल्या. पुढच्याच वर्षी तो झ्लिनचा महापौर झाला. १९२४ पासून त्याने प्रत्येक विभागाचा हिशेब वेगळा ठेवून कामगारांना नफ्यात वाटा द्यायला सुरुवात केली. लाल विटांची, बागेसह घरं, शाळा, दवाखाना असं सगळं गावच कंपनीने वसवलं. याचं कौतुक करताना दुसरी बाजूही सांगायला हवी: कामगार संघटना त्याला खपत नसत, आणि नोकरी गेली की घरही जाई.

१२ जुलै १९३२ च्या पहाटे तोमाश स्वित्झर्लंडला निघाला होता. दाट धुक्यात विमान उडालं आणि लगेचच कोसळलं. वैमानिकासह तो ठार झाला. तेव्हा तो ५६ वर्षांचा होता. कंपनी सावत्र भाऊ यान अंतोनिनच्या हाती गेली.

भारताचा धागा तोमाशच्या हयातीतलाच आहे. १९३१ मध्ये इथे कंपनीची नोंदणी झाली आणि कोलकात्याजवळच्या कोन्नगरला काम सुरू झालं. मग हुगळीच्या काठी, शहराच्या दक्षिणेला, झ्लिनच्याच धर्तीवर कारखाना आणि वसाहत उभी राहिली. तेच बाटानगर.

झ्लिनचा कारखाना १९४५ मध्ये सरकारने ताब्यात घेतला. १९४९ मध्ये कम्युनिस्ट राजवटीने गावाचं नावही बदलून गोटवाल्डोव्ह केलं. तोमाशचा मुलगा तोवर कॅनडात स्थायिक झाला होता आणि तिथून जगभरचा व्यवसाय चालवत होता. राजवट कोसळल्यावर, डिसेंबर १९८९ मध्ये, तो गावी आला तेव्हा स्वागताला प्रचंड गर्दी लोटली होती. झ्लिन हे नाव १९९० मध्ये परत आलं. वडिलांचा कारखाना मात्र त्याला परत मिळाला नाही.