परदेशात राहायला जाताय? लायसनचं निम्मं काम आपल्या आरटीओतच उरकून निघा

लातूर, नांदेड, परभणीकडची पोरं-पोरी आता पुण्या-मुंबईला थांबत नाहीत. कुणी नर्सिंग करून जर्मनीला जातं, कुणी एमएस करायला अमेरिकेला, कुणी दुबईत साइटवर. व्हिसा कधी येणार, बॅगेत काळा मसाला किती किलो बसतो, याची चौकशी महिनाभर घरात चालते. गाडीच्या लायसनबद्दल मात्र एवढंच ऐकायला मिळतं: "इंटरनॅशनल काढून घे, झालं काम."

एवढ्यानं काम होत नाही. आपण ज्याला 'इंटरनॅशनल लायसन' म्हणतो तो नुसता परवाना असतो: तुमच्या भारतीय लायसनवर काय लिहिलंय ते दुसऱ्या देशातल्या पोलिसाला वाचता यावं म्हणून दिलेली पुस्तिका. खिशात मूळ लायसन नसेल तर तिचा काही उपयोग नाही. मूळ लायसनची मुदत संपली की तीही संपली. शिवाय ती चालते पाहुण्याला. तुम्ही तिथले रहिवासी झालात की बहुतेक देश ठरावीक मुदत देतात आणि त्यानंतर सांगतात, आता आमचं लायसन काढा. ही मुदत कुठे एक वर्ष असते, कुठे सहा महिने, कुठे दहा दिवस, आणि दुबईत एक दिवसही नाही. तिथलं लायसन काढताना पुन्हा पहिल्यांदा बघितलं जातं ते आपल्या एमएच २४ किंवा एमएच २६ च्या कार्डाकडेच. म्हणून आधी ते कार्ड नीट करून घ्या.

निघण्याआधी कार्ड हातात घेऊन बघा

पहिली गोष्ट म्हणजे नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत आणि स्वतःचं व वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत असतं. लायसनवर मात्र सगळं एका ओळीत, बरेचदा आडनाव आधी. क्रम उलटा असला तर सहसा कुणी अडवत नाही, अडतं ते स्पेलिंगवर. वडिलांचं नाव पासपोर्टवर 'राव' लावून आणि लायसनवर 'राव' न लावता, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. शेख, सय्यद, पठाण मंडळींची तऱ्हा आणखी निराळी. लायसनवर शेख नावाच्या पुढे, पासपोर्टवर आडनावाच्या जागी, आणि कधी दोन्हीकडे स्पेलिंग वेगळं. लग्न झालेल्या बाईचं लायसन माहेरच्या नावावर आणि पासपोर्ट सासरच्या, हे तर घरोघरी. इथे आपण "एकच माणूस आहे हो" म्हणून भागवतो. तिकडच्या खिडकीवर बसलेल्याला अक्षरं जुळलेली लागतात. लायसनमधलं नाव आणि जन्मतारीख बदलून घ्यायची सोय सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसनच्या कामांच्या सरकारी वेबसाइटवर आहे. पासपोर्ट प्रमाण धरा आणि लायसन त्याच्याबरहुकूम करून घ्या.

पत्त्यात औरंगाबाद आहे की छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आहे की धाराशिव, याची मात्र काळजी करू नका. तिकडे तुमचा तिकडचाच पत्ता नोंदवतात. नुसतं शहराचं नाव बदललं म्हणून कार्ड बदलायला धावायची गरज नाही.

दुसरं म्हणजे वर्ग. कार्डावर फक्त गिअरवाल्या मोटरसायकलची नोंद असेल तर परदेशात त्यावर कार चालवता येणार नाही. हलक्या मोटार वाहनाची, म्हणजे एलएमव्हीची नोंद हवी. शेतात ट्रॅक्टर चालवून हात बसलाय ही चांगली गोष्ट, पण कागदावर ती कुठेच दिसत नाही.

तिसरं, पहिल्यांदा लायसन मिळाल्याची तारीख. नंबरात एमएच आणि आरटीओच्या आकड्यांनंतर जे चार आकडे येतात ते लायसन दिल्याचं साल. काही देशांत तुम्हाला किती वर्षांचा अनुभव आहे यावर पुढची वाट ठरते, तेव्हा ही तारीख कामाला येते. पुस्तकवालं जुनं लायसन असेल तर त्याची नोंद सारथीवर चढलेली आहे का ते आधी तपासा आणि स्मार्ट कार्ड करून घ्या. डिजिलॉकरमधलं लायसन इथल्या पोलिसाला चालतं, परदेशात त्यावर विसंबू नका. कार्ड हातात हवं.

मुदतही बघा. तिशीच्या आत काढलेलं लायसन आता चाळिशीपर्यंत चालतं, तिशी ते पन्नाशीत काढलं तर दहा वर्षं. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येतं, म्हणजे पुढच्या वर्षी संपणार असेल तर ते आत्ताच करून जा.

ज्याच्याकडे लायसनच नाही त्यानं दिवस मोजावेत. शिकाऊ लायसन मिळाल्यावर पक्क्या परीक्षेला तीस दिवस थांबावं लागतं आणि शिकाऊ लायसन सहा महिनेच चालतं. कार्ड पोस्टानं घरी येतं, त्यालाही वेळ लागतो. शिकाऊ लायसन परदेशात कुणी विचारत नाही. आणि एजंटाला पैसे देऊन, स्टिअरिंगला हात न लावता लायसन काढायचा विचार असेल तर तो सोडा. इथे खपेल, पण तिकडच्या परीक्षेत शेजारी परीक्षक बसतो.

इंटरनॅशनल परवाना कसा काढायचा

अर्ज सारथी पोर्टलवरून करायचा, राज्य महाराष्ट्र निवडून आपल्या आरटीओकडे. सोबत चालू लायसन, पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि फोटो. अर्जाचा नमुना फॉर्म ४-अ. सरकारी फी १००० रुपये, वर किरकोळ सेवा आकार. कागद पडताळायला ऑफिसात बोलावलं तर मूळ कागद घेऊन जा.

पूर्वी व्हिसा आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय हा परवाना मिळत नसे. २०२१ च्या नियमबदलात या दोन्ही अटी काढल्या, कारण कित्येक देशांचा व्हिसा उतरल्यावर किंवा अगदी शेवटच्या दिवशी मिळतो. तरीही खिडकीवर कुणी व्हिसा मागितला आणि तो हातात असेल, तर प्रत जोडून मोकळे व्हा. नियमावर वाद घालायला विमान सुटण्याच्या आदल्या आठवड्यात कुणाला वेळ असतो? २०२२ पासून देशभर एकाच नमुन्याचा परवाना मिळतो. त्यावर क्यूआर कोड असतो आणि तो मूळ लायसनशी जोडलेला असतो. मुदत एक वर्ष, किंवा मूळ लायसन आधी संपणार असेल तर तेवढीच. म्हणून तो सहा महिने आधी काढून ठेवू नका, निघायच्या तोंडावर काढा. भारतात हा परवाना चालत नाही.

जाता जाता सारथीवरून लायसनचा एक्स्ट्रॅक्टही काढून घ्या. लायसन कधी दिलं, कोणत्या वर्गाचं, कधीपर्यंत चालू, हे त्यात येतं. कॅनडात आणि आणखी काही ठिकाणी तो मागतात, आणि तिकडून मागवायचा म्हटलं तर घरच्यांना हेलपाटे.

जर्मनी

२०२४ साली महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याचा कुशल मनुष्यबळाचा करार झाल्यापासून मराठवाड्यात जर्मन शिकवणीच्या पाट्या वाढल्यात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जर्मनीत राहण्याचा पत्ता झाला की तिथून सहा महिने भारतीय लायसनवर गाडी चालवता येते. एकूण मुक्काम वर्षाच्या आतच आहे हे सिद्ध केलं तर मुदत वाढवून मिळू शकते, एरवी नाही. भारताचा परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारावर आधारलेला असतो आणि जर्मनी त्या करारात नाही. म्हणून लायसनचं जर्मन भाषांतर जवळ ठेवा. एडीएसी ही तिथली मोटारचालकांची संघटना ते करून देते.

सहा महिने उलटले की जर्मन लायसन हवंच. ज्या देशांचं लायसन परीक्षा न घेता बदलून मिळतं त्या यादीत भारत नाही, त्यामुळे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. सूट एवढीच की नवशिक्याला जे ठरावीक तास सक्तीचे असतात ते आपल्याला नाहीत. तरी परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवरच होते, म्हणजे शाळेत नाव घालावंच लागतं, आणि शिकवणारा तुम्हाला किती तास घ्यायला सांगेल ते तुमचा हात बघून. पहिल्यापासून लायसन काढणाऱ्या तिथल्या पोरांना हे काम हजारो युरोंना पडतं, त्यामानानं आपलं स्वस्तात भागतं.

अर्ज गावच्या लायसन कार्यालयात करायचा. लागतं ते असं: पासपोर्ट, राहत्या पत्त्याची नोंदणी, पारपत्राच्या मापाचा फोटो, मूळ भारतीय लायसन व भाषांतर, डोळ्यांची तपासणी, आणि नऊ तासिकांचा प्रथमोपचार वर्ग केल्याचं प्रमाणपत्र. मंजुरी यायला आठवडे जातात, म्हणून सहा महिने संपायची वाट न बघता तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच अर्ज टाका. लेखी परीक्षेत ३० प्रश्न, दहापेक्षा जास्त दंडगुण झाले की नापास. ती इंग्रजीत देता येते, हिंदीत नाही. प्रत्यक्ष परीक्षा सुमारे ५५ मिनिटांची आणि सूचना जर्मनमध्ये, तेव्हा डावीकडे, उजवीकडे, पुढच्या चौकात वळा, एवढं तरी कानावर बसलेलं पाहिजे.

आपली माणसं अडकतात ती गाडी चालवण्यात नाही. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम पाटी नसलेल्या प्रत्येक छोट्या चौकात लागू असतो. समोर कुणी नसलं तरी वेग कमी करून मान उजवीकडे वळलेली परीक्षकाला दिसली पाहिजे. वळताना किंवा लेन बदलताना आरशावर भागत नाही, खांद्यावरून मागे बघावं लागतं. हॉर्नवर हात गेला की परीक्षकाच्या भुवया वर. लातूरच्या औसा रोडवर दहा वर्षं गाडी मारलेला माणूस या तीन सवयींपायी नापास होतो आणि काल शिकलेली नर्स पास होते.

ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर लायसनवर तशी अट पडू शकते, आधी विचारून घ्या. जर्मन कार्ड हातात देताना भारतीय कार्ड जमा करून घेतात. त्याआधी दोन्ही बाजूंची रंगीत प्रत काढून ठेवा.

ट्रक किंवा बसवर ड्रायव्हर म्हणून जाणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. इथलं जड वाहनाचं लायसन आणि बॅज तिथे तसाच चालत नाही. तिथल्या वर्गाची परीक्षा आणि वर व्यावसायिक चालकाची वेगळी पात्रता लागते. त्याचा खर्च मालक करणार की तुम्ही, हे करारात लेखी आलंय का ते सही करण्याआधी बघा. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

आखात

संयुक्त अरब अमिरातीत व्हिजिट व्हिसावर असाल तर भारतीय लायसन आणि परवान्यावर भाड्याची गाडी मिळते. राहण्याचा व्हिसा लागला की त्याच दिवसापासून ते बंद. मग एमिरेट्स आयडी (तिथलं ओळखपत्र), डोळ्यांची तपासणी, मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग संस्थेत फाइल उघडणं, वर्ग, लेखी, पार्किंग, रोड टेस्ट. दुबईत 'गोल्डन चान्स' नावाची सोय आलेली आहे: आपल्या देशाचं लायसन असेल तर वर्ग न करता थेट परीक्षा देण्याची एक संधी. नापास झालात की वर्ग करावेच लागतात. फाइल उघडताना ही सोय चालू आहे का ते संस्थेत विचारा, पण गाडी तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालते, तेव्हा दोन-चार तास सराव न करता ती संधी वाया घालवू नका.

बाकीचे देश, थोडक्यात

ब्रिटनमध्ये रहिवासी झाल्यापासून १२ महिने आपलं लायसन चालतं. ते थेट बदलून मिळत नाही. आधी प्रोव्हिजनल (तिथलं शिकाऊ) लायसन, मग लेखी (५० पैकी ४३ बरोबर, आणि धोका ओळखण्याच्या चित्रफितींत ७५ पैकी ४४), मग प्रत्यक्ष. वर्ष उलटलं आणि परीक्षा राहिली तर 'एल' पाटी लावून, शेजारी अनुभवी चालक बसवूनच गाडी काढता येते. तोपर्यंत एकटे कामावर गाडीनं जाणारे एकदम बसच्या रांगेत येतात. डावीकडून चालवायचं असल्यामुळे आपल्याला हात बसायला मात्र वेळ लागत नाही.

अमेरिकेत राज्यागणिक कायदा. कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यापासून दहा दिवस, टेक्सासमध्ये ९० दिवस. दोन्हीकडे लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा, आणि लायसनची मुदत साधारण व्हिसाच्या मुदतीशी बांधलेली. कॅनडात ओंटारियोमध्ये ६० दिवस मिळतात. तिथे भारतातला अनुभव कागदावर सिद्ध केला तर पूर्ण लायसनआधीची लांबलचक प्रतीक्षा टळते. एक्स्ट्रॅक्ट म्हटलं ते याचसाठी. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये तात्पुरत्या व्हिसावाल्यांना २०२३ पासून सहा महिन्यांत तिथलं लायसन घ्यावं लागतं, परीक्षा देऊन.

तिकडे असताना मुदत संपली तर

इंटरनॅशनल परवान्याची मुदत संपली तर २०२१ पासून भारतीय दूतावासामार्फत पुन्हा अर्ज करता येतो. तो अर्ज इथल्या आरटीओकडे येतो. मूळ लायसन संपलं तर नूतनीकरण सारथीवरून, आणि चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरचा फॉर्म १-अ लागतो. मुदत संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा परीक्षा, म्हणजे सुट्टीवर आलात तेव्हाच ते काम होणार.

ऑनलाइन काम अडतं ते एका ठिकाणी. आधारला जोडलेल्या भारतीय मोबाइलवर ओटीपी येतो, आणि बाहेर गेलेल्यांचं ते सिम रिचार्जअभावी बंद पडलेलं असतं. नंबर दुसऱ्याला दिला गेला की आणखी घोळ. सिम रोमिंगवर चालू ठेवा किंवा घरी भावाच्या फोनमध्ये घालून जा, आणि महिन्याच्या रिचार्जची जबाबदारी त्याच्यावर टाका.