गिधाडांचा इलाज ढोरांच्या दवाखान्यात

मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की गिधाडांचा थवाच्या थवा उतरायचा, हे नागपूरकडच्या खेड्यांतले जुने लोक आजही सांगतात. 1992 ते 2007 या काळात भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात जेमतेम एक शिल्लक राहिलं. आधी संशय रोगाचा होता. उलगडा झाला तो पाकिस्तानात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी मेलेली गिधाडं उघडून बघत होते. काळजावर, यकृतावर खडूच्या लगद्यासारखा पांढरा थर. मूत्रपिंडं निकामी झाल्याने साचलेलं ते यूरिक आम्ल होतं. विष निघालं डायक्लोफेनॅक, म्हणजे लंगडणाऱ्या, सुजलेल्या गुरांना सर्रास टोचलं जाणारं वेदनाशामक. हे 2004 साली प्रसिद्ध झालं.

त्याच वर्षी केंब्रिजच्या रीस ग्रीन यांच्या गटाने हिशेब मांडला. शंभर मेलेल्या जनावरांत एकाहूनही कमी जनावर विषारी असलं तरी एवढा संहार व्हायला पुरेसं होतं. एका ढोरावर डझनावारी गिधाडं जेवतात, आणि मादी वर्षाला अंडं घालते एकच. भरपाई होणार कशी?

नुसती बंदी घालून भागणार नव्हतं, गुरांना दुसरं औषध हवंच होतं. मेलॉक्सिकॅमची चाचणी दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया विद्यापीठाने आधी तिथल्या गिधाडांवर घेतली. आपली इतकी दुर्मीळ झालेली की सुरुवात त्यांच्यापासून करणं परवडलं नसतं. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेची आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची साथ मिळाल्यावर पाळी आली भारतीय गिधाडांची. ती तगली. 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच राहिल्या, म्हणून 2015 मध्ये बाटली 3 मिलीवर आणली. गाईला तेवढ्याने काय होणार! गिधाडांना तशीच घातक असलेली किटोप्रोफेन, असिक्लोफेनॅक ही वेदनाशामकंही 2023 मध्ये जनावरांसाठी बंद झाली.

2024 मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढलेली गिधाडं पेंच आणि ताडोब्यात आणली गेली. गिधाडासाठी 100 किलोमीटर त्रिज्येच्या घेऱ्यातला परिसर अशा औषधांपासून मुक्त लागतो, आणि पेंचच्या घेऱ्यात नागपूर येतंच. इथे पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, गोरेवाड्याला त्याचं वन्यजीव संशोधन केंद्र आहे. माझ्या मते खरी भागीदारी इथेच हवी. जंगल खात्याने मेलेलं गिधाड कुजण्याआधी पोचवावं, विद्यापीठाने मूत्रपिंडाचा तुकडा तपासावा, आणि औषध सापडलं तर ते कोणत्या गोठ्यातून आलं हे शोधायला तिथूनच शिकून गेलेला तालुक्याचा डॉक्टर निघावा.