झाडूची ज्वारी आणि सव्वाशे माणसं
ज्वारीचा एक प्रकार खाण्यासाठी नव्हे, झाडूंसाठी पिकवतात. त्याच्या कणसाच्या लांब, चिवट काड्या एकत्र बांधल्या की झाडू तयार. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या बिशप हिल या स्वीडिश गावाचं हेच मुख्य नगदी पीक होतं. 2010 च्या जनगणनेत या गावात 128 माणसं होती. एवढीच का, याचं उत्तर गावाच्या इतिहासात सापडतं.

स्वीडनमध्ये 1726 च्या कायद्याने घरगुती प्रार्थनासभांवर बंदी होती. शेतकरी उपदेशक एरिक यान्सनने ती मोडली आणि 1846 मध्ये अनुयायांसह इलिनॉयचा माळ गाठला. पुढच्या काही वर्षांत हजाराहून जास्त माणसं आली. जमीन, चूल, पैसा, सगळं सामाईक.

पहिला हिवाळा त्यांनी घळीच्या उतारात खणलेल्या खोपटांत काढला. कोंदट जागा, अपुरं अन्न. शंभराच्या आसपास माणसं दगावली. खायला कमी म्हणून यान्सनने लग्नंच थांबवली. परिस्थिती सुधारल्यावर, 1848 मध्ये, ती सामुदायिक सोहळ्यांत लागली. लोकसंख्येचा नळ बंद करणं आणि उघडणं इतकं स्पष्ट क्वचितच दिसतं. पुढे 1850 च्या दशकातही ब्रह्मचर्याचा आग्रह धरला गेला आणि त्यावरून वस्तीत फूट पडली.

त्याआधी, 1849 च्या उन्हाळ्यात, नव्या प्रवाशांबरोबर कॉलरा आला. हा रोग दूषित पाण्यातून पसरतो. पण लंडनचे डॉक्टर जॉन स्नो यांनी तसं म्हटलं ते त्याच वर्षी. माळावरच्या माणसांना ते कळणार कुठून? स्वयंपाकघर एक आणि पंगतही एक असलेल्या वस्तीत रोगाला आडकाठीच नव्हती. दीडशेच्या आसपास माणसं गेली, त्यांत यान्सनची पत्नीही. पुढच्याच वर्षी यान्सनचा खून झाला.

तरी वस्ती टिकली, आणि त्याचं मोठं श्रेय मला बायकांना द्यावंसं वाटतं. लहानपणी इथे आलेल्या ओलॉफ क्रान्सने म्हातारपणी आठवणीतून चित्रं काढली. मक्याच्या पेरणीच्या चित्रात दोर ताणून धरलाय आणि त्याच्या रेषेत बायका ओळीने पेरताहेत. वस्तीत पुरुषांपेक्षा बायका जास्त होत्या. त्या विटाही पाडत.

मग 1857 ची मंदी आली. कारभाऱ्यांची गुंतवणूक बुडाली, कर्ज चढलं आणि 1861 पर्यंत सामाईक मालमत्तेची वाटणी झाली. रेल्वे गेली ती काही मैलांवरच्या गॅल्व्हातून. गॅल्व्हा हे नावसुद्धा स्वीडनच्या येवले बंदरावरून पडलेलं. धान्याची चढउतार, दुकानं, रोजगार, सारं रुळांच्या कडेला गेलं. तरुणही तिकडेच वळले आणि बिशप हिल वाढायचं थांबलं.

तसं झालं म्हणूनच जुन्या इमारती पाडून नव्या बांधायची निकड कुणाला भासली नाही. 1848 मधलं चर्च अजून उभं आहे. क्रान्सची चित्रं त्याच गावात बघायला मिळतात.