कॉटन आणि कॉटनी: एका वेलांटीचा घोळ

सगळा घोळ त्या वेलांटीचा आहे. कॉटन म्हणजे कापूस आणि कॉटनी म्हणजे कापसासारखं लागणारं, आणि सॅनिटरी पॅडमध्ये जे कापसासारखं लागतं ते बहुतेक वेळा पॉलीप्रॉपिलीन असतं, म्हणजे सरळ प्लास्टिक. माझी भाची इंदूरला भंवरकुआंत कोचिंगसाठी राहते, रविवारी आमच्याकडे जेवायला येते, मागच्या महिन्यात आली ती जांघेत पुरळ घेऊनच, आणि वर म्हणते मावशी मी तर नेटवालं सोडून मुद्दाम कॉटनवालं घेतलं तरी असं का झालं? पाकीट मागवलं, बघते तर पुढे मोठ्ठ्या अक्षरात कॉटनी, बाजूला कापसाच्या बोंडाचं चित्र, आणि मागच्या बारीक अक्षरात कॉटन हा शब्दच नाही. खोटं काही लिहिलेलं नव्हतं हो, पण ते बोंड कशाला काढलं असेल ते आपल्याला कळतंच ना.

लग्नात अहेराबरोबर त्या रंगीत पिशव्या मिळतात बघा, ज्यांना आपण सगळे ‘कापडी पिशवी’ म्हणतो आणि ज्या वर्षभरात चुरा होऊन कपाटात सांडतात, ते कापड नसतंच, पॉलीप्रॉपिलीनचे धागे न विणता गरम करून एकमेकांना चिकटवलेले असतात. पॅडचं कॉटनी कव्हर ह्याच जातीचं, फक्त खूप बारीक आणि मऊ. नेटवालं म्हणतात ती छिद्रं पाडलेली पॉलिथिनची फिल्म. म्हणजे भाचीने नेट सोडून कॉटनी घेतलं तेव्हा तिने एक प्लास्टिक सोडून दुसरं घेतलं इतकंच.

आणि कव्हरच्या आत? आत कापूस असतो अशी आमच्या आईची पक्की समजूत होती, आणि खरं सांगायचं तर माझीही बरीच वर्षं तीच होती. आतला तो पांढरा भुसा बहुतेक पॅड्समध्ये लाकडाचा लगदा असतो, त्यात ओल शोषून फुगणारे जेलचे दाणे मिसळलेले, खाली पॉलिथिनचा कागद आणि त्याला गोंद. ज्या पाकिटावर खरंच ‘१०० टक्के कॉटन टॉप शीट’ लिहिलंय तिथेही ते १०० टक्के फक्त वरच्या पातळ थराचे आहेत, टॉप शीट हे दोन शब्द वाचायचे राहून जातात.

ओळखायचं कसं? आमचे आजोबा इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलमध्ये होते, तीच ती १९९१ साली बंद पडलेली, ते कुठलंही कापड घरात आलं की कोपऱ्यातून एक धागा ओढून काडी लावायचे, आजी ओरडायची, पण परीक्षा अगदी बरोबर होती. पॅडचं फक्त वरचं कव्हर सोलून नखाएवढा तुकडा घ्या, चिमट्यात धरा, सिंकवर उभं राहून काडी लावा. कापूस असेल तर कागदासारखा जळतो, वासही कागद जळल्याचाच, आणि मागे भुरभुरीत राख. प्लास्टिक असेल तर आधी आक्रसतं, मग वितळतं, आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. आम्ही किचनमध्ये केलं, मणी मिळाला, भाचीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. एक पंचाईत आहे, व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या किंवा बांबूच्या लगद्यापासून बनवलेला धागा, तोसुद्धा कापसासारखाच जळतो, आणि ‘बांबू फायबर’ म्हणून विकतात ते बहुतेक व्हिस्कोसच असतं, म्हणजे काडी तुम्हाला प्लास्टिक आहे का एवढं सांगेल, कापूसच आहे हे नाही सांगणार.

आता तुम्ही म्हणाल की मग कॉटनच घ्यावं, विषय संपला. इथेच तर खरी गंमत आहे. कापूस नुसत्या हवेतलीच साधारण ८ टक्के ओल धरून ठेवतो आणि पॉलीप्रॉपिलीन जवळजवळ शून्य. म्हणजे कॉटनी कव्हर स्वतः भिजत नाही, खाली सोडून देतं (पाणी आत जावं म्हणून त्यावर एक साबणासारखं फिनिश मारलेलं असतं, तेही त्वचेला लागतंच), आणि कॉटनचं कव्हर मऊ वाटतं पण ओलं राहतं. जास्त ब्लीडिंगच्या दिवशी ओलं कव्हर तासन् तास चिकटून राहिलं की त्वचा फुगते, मऊ पडते आणि मग चालताना घासून सोलवटते. ज्यांना घाम जास्त येतो आणि प्लास्टिक चिकटल्यासारखं वाटतं त्यांना कॉटनने बरं वाटतं, हेही खरं. पण बदलायला उशीर केला तर दोन्हीची माती होते.

पुरळ उठण्यामागे मुख्यतः ओल, उष्णता आणि घासणं असतं, त्यानंतर सेंट आणि गोंदाची ॲलर्जी. सेंटवालं पॅड मी तरी घरात येऊ देत नाही, त्या सेंटचा उपयोग काय ते मला आजवर कळलेलं नाही.

केमिकलची भीती वेगळी, आणि तिथे कॉटन-कॉटनी हा फरक फारच कमी कामाचा आहे. २०२२ मध्ये दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक ह्या संस्थेने भारतात विकले जाणारे १० पॅड तपासले, ऑर्गॅनिक लिहिलेलेही त्यात होते, आणि दहाही पॅडमध्ये थॅलेट्स आणि हवेत उडणारी रसायनं सापडली. थॅलेट्स प्लास्टिक लवचिक करायला वापरतात, सेंटमध्येही असतात, म्हणजे त्यांची वाट वरच्या कव्हरच्या कापसावरून जातच नाही, खालचं प्लास्टिक आणि गोंद दोन्ही जातीच्या पॅडला असतोच. सापडलं म्हणजे तेवढ्याने अपाय होतोच असं नाही, पण अहवाल आला तेव्हा आपल्याकडे पॅडमधल्या थॅलेट्सला मर्यादाच ठरवलेली नव्हती, आणि हे मला जास्त खटकतं. डायऑक्सिन ह्या विषारी रसायनाचं तर उलटंच आहे, ती काळजी क्लोरीनने ब्लीच केलेल्या लगद्याची आणि कापसाची, पॉलीप्रॉपिलीनला ब्लीच करावंच लागत नाही! आता क्लोरीन वायूऐवजी दुसऱ्या पद्धती आल्यात, म्हणून ती भीती पूर्वीएवढी राहिली नाही.

टॅम्पॉनचंही बघा, म्हणजे पाळीत योनीच्या आत घालायची ती शोषक वळी. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीच्या लोकांनी ३० टॅम्पॉनमध्ये १६ धातू शोधले, साध्यामध्ये शिसं जास्त निघालं आणि ऑर्गॅनिकमध्ये आर्सेनिक जास्त! शरीरात किती उतरतं हे त्यांनी मोजलेलं नव्हतं. कापूस कुठल्या मातीत वाढला, कुठलं पाणी प्यायला, ते सगळं त्याच्यासोबत येतं, आणि ऑर्गॅनिक हा शब्द कीटकनाशकाबद्दल बोलतो, मातीतल्या आर्सेनिकबद्दल गप्प असतो.

म्हणून मी पाकिटावर काय बघते? सेंट नाही ना, कव्हर कशाचं आहे ते शब्दात लिहिलंय ना, आणि आयएस ५४०५, म्हणजे सॅनिटरी पॅडचं भारतीय मानक, लिहिलंय का, कारण २०१९ च्या सुधारित मानकात जंतूंची आणि त्वचेला त्रास होतो का ह्याची तपासणी आहे. बोंडाचं चित्र बघत नाही.

भाचीची भानगड शेवटी कॉटनी-कॉटनची नव्हतीच. सकाळी ७ ला क्लास, तिथून लायब्ररी, आणि तिथल्या वॉशरूममध्ये पाणी नाही म्हणून एकच पॅड ४ वाजेपर्यंत. चार ते सहा तासांत बदलायचं म्हटलं तर म्हणते मावशी टाकू कुठे, डबाच नाही. आता बॅगेत एक जाड कागदी पाकीट ठेवते, त्यात गुंडाळून रूमवर आणते. मधल्या काळात तिने खरं कॉटन टॉप शीटवालं आणलंच, आणि रूमवरच्या पोरींना सांगून ते ओल्या कचऱ्यात टाकलं, कॉटन आहे ना म्हणून. कचरागाडीवाल्या भैयाने डबा तसाच परत केला. इंदूरमध्ये सॅनिटरी कचऱ्याचा कप्पा वेगळा आहे आणि पॅडच्या खाली प्लास्टिक असतं हे त्या भैयाला ह्या चौघींपेक्षा चांगलं माहीत होतं.