स्पॅनिशचा शहाणा भूतकाळ

स्पॅनिश शिकणाऱ्यांनी क्रियापदांच्या अपवादांची धास्ती घेतलेली असते. अपूर्ण भूतकाळापुरती तरी ती अनाठायी आहे. इथे अनियमित क्रियापदं फक्त तीन: सेर (असणे), इर (जाणे) आणि बेर (पाहणे). बाकी सगळी नियमाने चालतात.

मूळ रूपाच्या शेवटी 'आर' असेल तर तो काढून 'आबा' लावायचं. 'एर' किंवा 'इर' असेल तर 'ईआ'. आब्लार म्हणजे बोलणे. मी आब्लाबा, तू आब्लाबास, तो आब्लाबा, आम्ही आब्लाबामोस, तुम्ही आब्लाबाइस, ते आब्लाबान. कोमेर म्हणजे खाणे: कोमीआ, कोमीआस, कोमीआ, कोमीआमोस, कोमीआइस, कोमीआन. 'बोलत होतो' आणि 'बोलत असे' हे आपले अपूर्ण आणि रीती भूतकाळ इथे एकाच रूपात मावतात.

एवढी शिस्त आली कुठून? मुख्यतः आघातामुळे. लॅटिनमधल्या ऱ्हस्व 'ए' आणि 'ओ' वर जोर पडला, की स्पॅनिशमध्ये ते फुटून 'ये' आणि 'वे' झाले. लॅटिन पोर्ता (दार) म्हणून प्वेर्ता झाला. दोर्मिर म्हणजे झोपणे. 'मी झोपतो' म्हणताना जोर धातूवर येतो, म्हणून द्वेर्मो. 'मी झोपत होतो' मध्ये जोर सरकतो प्रत्ययावर: दोर्मीआ. धातूवर भारच नाही, मग स्वर फुटेल कशाला? पेर्देर (हरवणे) चंही तेच: वर्तमानात प्येर्दो, अपूर्ण भूतकाळात पेर्दीआ. पाठांतराच्या वहीत जो अपवाद म्हणून लिहिला जातो, तो खरं तर ध्वनीचा नियम असतो. मला या व्याकरणातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

'आबा' मधला 'ब' त्याहून जुना. लॅटिनमध्ये तो 'बाम्' होता, आणि अभ्यासक त्याचा उगम 'होणे' अर्थाच्या आद्य इंडो-युरोपीय (युरोप आणि भारतातल्या अनेक भाषांची समान पूर्वज भाषा) धातूत मानतात. संस्कृत 'भू' त्याच धातूचा, आणि आपलं 'होणे' त्या 'भू' पासूनचं. म्हणजे लॅटिनने क्रियापदाला जे जोडलं, तेच मराठीने पुढे स्वतंत्रपणे 'बोलत' ला 'होतो' लावून जोडलं. यावरून कुणी 'संस्कृत सर्व भाषांची जननी' असा निष्कर्ष काढू नये. संस्कृत आणि लॅटिन यांचा उगम एकच असावा, असं भाषाभ्यासक विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कोलकात्यात मांडलं, आणि पुढच्या संशोधनाने ते पक्कं केलं. त्या बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत.

'एर' आणि 'इर' च्या गटांत मात्र हा 'ब' दोन स्वरांमध्ये झिजून गेला, त्यामुळे 'ईआ' उरलं. इटालियनने तो 'व' च्या रूपात सगळीकडे टिकवला.

राहिले तीन अपवाद. इरचं 'इबा' हे सरळ लॅटिन 'ईबाम्'; इथे 'ब' शाबूत आहे. बेरचं जुनं रूप 'बेएर' होतं, त्यातून 'एर' काढून 'ईआ' लावलं की नियमानेच 'बेईआ' मिळतं. आणि सेरचं 'एरा' आलं लॅटिन 'एराम्' पासून. त्यात 'बाम्' कधी नव्हताच, कारण 'असणे' या क्रियापदाला तो जोडावाच लागला नाही.