जुन्या घरातील अपरिचित स्विच : ओळख व बदल

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वायरिंग झालेल्या घरांत आजच्या साच्यात न बसणारे दिव्याचे स्विच अजूनही सापडतात. इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ मध्ये झटक्याने संपर्क तोडणारा स्विच तयार केला. त्यात ठिणगी लांबत नसल्याने संपर्काची टोके जळण्याचे प्रमाण घटले. चिनी मातीच्या बैठकीवरचे फिरकी स्विच आणि एक दाबताच दुसरे बाहेर येणारे जोडबटण हे जुने नमुने पाहताक्षणी ओळखता येतात. खरी फसगत होते ती पुढच्या तीन प्रकारांत.

खटका दाबूनही आवाज होत नसेल, तर तो पाऱ्याचा स्विच असू शकतो. आतल्या बंद कुपीतला पारा घरंगळून संपर्क जोडतो, म्हणून तो उलटा बसवून चालत नाही. तो फोडू नये. काढल्यास घातक कचऱ्यात द्यावा.

दाबून सोडताच मधोमध परतणारा आणि मागे टेलिफोनसारख्या बारीक वायरी असलेला स्विच बहुधा कमी व्होल्टेजच्या रिले (विजेवर चालणारा दुय्यम स्विच) पद्धतीचा असतो. महायुद्धोत्तर अमेरिकी घरांत ही २४ व्होल्टची पद्धत बरीच वापरली गेली. दिव्याचा प्रवाह इथे स्विचमधून जातच नाही. दूरचा रिले तो जोडतो-तोडतो. त्याजागी साधा स्विच लावला की रिलेच्या गुंडाळीला सतत प्रवाह मिळून ती जळते.

तिसरा प्रकार म्हणजे एकच दिवा दोन जागांहून चालवणारा जिन्यातला टू-वे. त्यावर चालू-बंदची खूण नसते आणि टर्मिनल तीन असतात. वायरी सोडवण्याआधी सामाईक (कॉमन) टर्मिनलच्या वायरीला चिकटपट्टी लावावी. काही जुन्या जोडण्यांत दोन्ही स्विचांना फेज आणि न्यूट्रल पुरवलेले असतात; तिथे दिवा विझलेला असूनही होल्डरमध्ये वीज असू शकते. अशी जोडणी आढळली तर नुसता स्विच न बदलता वायरिंगच नव्याने करून घ्यावे.

बाकी काम तसे किरकोळ. टेस्टर आधी चालू जागी तपासावा, मेन स्विच बंद करून मग तो वायरींना लावावा, जोडणीचा फोटो घ्यावा. भिंतीतली पेटी नव्या स्विचसाठी पुरेशी खोल आहे का, हेही पाहावे. रबराचे जुने वेष्टन वाकवताच तडकते, तेव्हा वायर ओढाताण न करता हाताळावी. ॲल्युमिनियमच्या वायरीला त्यासाठीच बनवलेला स्विच लागतो. बऱ्याच स्मार्ट स्विचांना न्यूट्रल हवा असतो. जुन्या पेटीत पुष्कळदा फक्त फेजची ये-जा असते.